शेल खडकातील इंधनाची पारख

शेल हा दिसण्यात अगदी सामान्य खडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी संथ पाण्याच्या तळाशी साचलेला बारीक गाळ वरच्या थरांच्या भाराने दबला आणि त्याचा हा पापुद्रे सुटणारा दगड बनला. गाळात गाडल्या गेलेल्या जीवांच्या अवशेषांपासून भूगर्भातील उष्णतेने तेल व वायू निर्माण होतात. त्यांतील काही अंश सच्छिद्र वालुकाश्मात जाऊन साठतो. पुष्कळसा मात्र शेलमध्येच अडकून राहतो. तो किती आहे आणि त्यापैकी हाती किती येईल, हे दोन निरनिराळे प्रश्न होत.

पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधतात. खडकात सेंद्रिय कार्बन सामान्यतः शेकडा २ हून अधिक असावा लागतो. मग खडकाचा चुरा प्राणवायूविरहित भट्टीत क्रमाक्रमाने तापवितात. आधीच तयार असलेले तेल प्रथम बाहेर पडते, उरलेल्या सेंद्रिय द्रव्यातून निघणारे त्यानंतर. यावरून खडक कच्चा आहे, पक्व आहे की अतितप्त, हे उमगते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. शेलची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की, पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडल्याखेरीज वायू वाहत नाही. गारगोटीचा अंश अधिक असेल तर खडक तडकतो. चिकणमाती अधिक असेल तर भेगा पुन्हा मिटतात.

जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे सुमारे १,७०० मीटर खोलीवरील शेलमधून वायू निघाला आणि आशा पल्लवित झाल्या. परंतु २०१२ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने भारतातील तीन खोऱ्यांत ६.१ लाख कोटी घनफूट काढण्याजोगा वायू वर्तविला, तर २०१३ मध्ये त्याच देशाच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने दामोदरसह चार खोऱ्यांत ९६ लाख कोटी! खोरी सर्वस्वी एक नव्हती, गृहीतकेही नव्हती. कॅलिफोर्नियातील माँटेरे शेलमध्ये २०११ साली १,५०० कोटींहून अधिक पिंपे तेल गणले गेले. २०१४ मध्ये तो आकडा ६० कोटींवर आला.

तात्पर्य, अंदाज म्हणजे साठा नव्हे. विहिरीतून दीर्घकाळ उत्पादन झाल्यावरच तो खरा ठरतो. अशा एकेका विहिरीला एक-दोन कोटी लिटर पाणीही लागू शकते. जेथे शेतालाच पाणी पुरत नाही, तेथे वायूच्या हिशेबात पाण्याचाही रकाना असलाच पाहिजे.