रिमास्टर गेमचा संच घ्यावा का? एका छोट्या खरेदीतून रिसर्च डिझाइन

घणसोली गावातल्या आमच्या रूमवर तीन जण राहतो. त्यातला सर्वांत धाकटा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नेटचा अभ्यास करतोय. त्याने मला विचारलं, "दादा, किंगडम हार्ट्सचा रिमास्टर केलेला संच स्टीमवर आहे. घेऊ का? वर्थ आहे का?"

प्रश्न गेमचा आहे. पण पीएच.डी.च्या मुलाखतीत "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" असं विचारल्यावर बहुतेक विद्यार्थी जिथे अडखळतात, नेमकी तीच अडचण या प्रश्नातही आहे. 'वर्थ' म्हणजे काय, कोणाच्या तुलनेत, कशाच्या आधारावर, आणि कधीपर्यंत ठरवायचं? म्हणून आज तोच प्रश्न घेऊन टप्प्याटप्प्याने जाऊ. गेममध्ये रस नसला तरी वाचा, पद्धत तुमच्या सिनॉप्सिसला लागू पडेल.

आधी पाकिटात काय आहे ते मोजा

'किंगडम हार्ट्स' ही अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग मालिका. पहिला गेम २००२ साली प्लेस्टेशन २ वर आला. जपानची स्क्वेअर (आजची स्क्वेअर एनिक्स) आणि डिस्ने यांनी मिळून केलेला. सोरा नावाचा मुलगा हातात किल्लीच्या आकाराची तलवार घेऊन, डोनाल्ड आणि गूफी यांच्यासोबत डिस्नेच्या वेगवेगळ्या जगांमध्ये फिरतो. पुढे ही मालिका गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, निन्टेंडो डीएस, पीएसपी अशा वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरली. सगळी कथा कळायला तीन-चार यंत्रं विकत घ्यावी लागायची. म्हणून संच निघाले: २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर 'एचडी १.५ रिमिक्स', २०१४ मध्ये 'एचडी २.५ रिमिक्स', मग २०१७ मध्ये दोन्ही एकत्र करून प्लेस्टेशन ४ वर. पीसीवर तो एकत्रित संच २०२१ मध्ये एपिक स्टोअरवर आणि जून २०२४ मध्ये स्टीमवर आला.

जाहिरातीत या संचात सहा नावं दिसतात. पण त्यातले खेळता येणारे गेम चारच: पहिला किंगडम हार्ट्स, 'री:चेन ऑफ मेमरीज', किंगडम हार्ट्स २ आणि 'बर्थ बाय स्लीप'. उरलेली दोन, म्हणजे '३५८/२ डेज' आणि 'री:कोडेड', मूळ डीएसवरचे गेम होते. इथे ते खेळता येत नाहीत, त्यांची कथा फक्त चित्रफितींच्या रूपात पाहता येते.

आता हिशोब करू. समजा किंमत ३,००० रुपये आहे (ही सोयीसाठी धरलेली संख्या, खरी किंमत त्या दिवशी दुकानात बघा). सहाने भागलं तर नगाला ५०० रुपये. चाराने भागलं तर ७५०. आणि तुम्ही प्रामाणिकपणे फक्त पहिला आणि दुसरा भागच पूर्ण करणार असाल, तर १,५००. पैसे तेच, पण उत्तर तिप्पट बदललं. फरक फक्त छेदाचा.

शोधनिबंध वाचताना हीच सवय लावून घ्या. "८० टक्के नमुन्यांत परिणाम दिसला" असं वाचलं की पहिला प्रश्न: कशाच्या ८० टक्के? घेतलेल्या सगळ्या नमुन्यांच्या, की शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या?

'रिमास्टर' या शब्दाची व्याख्या

रिमास्टर म्हणजे मूळ गेम तोच ठेवून त्याचं दिसणं, आवाज आणि नियंत्रण आजच्या यंत्रासाठी सुधारणं. रीमेक म्हणजे तोच गेम नव्याने बांधणं. गंमत म्हणजे या एकाच संचात दोन्ही आहेत. 'चेन ऑफ मेमरीज' मूळचा २००४ सालचा, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा सपाट, द्विमितीय गेम. प्लेस्टेशन २ साठी तो त्रिमितीय करून पुन्हा बांधला, तो रीमेक. आणि त्या रीमेकचं रिमास्टर या संचात आहे.

पहिल्या गेममध्ये रिमास्टरने काय बदललं? चित्र स्पष्ट झालं. मूळ गेममध्ये कॅमेरा खांद्यावरच्या बटणांनी फिरवावा लागायचा, तो आता उजव्या काडीने फिरतो. बरंचसं संगीत खऱ्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलं. शिवाय 'फायनल मिक्स' ही वाढीव आवृत्ती पूर्वी फक्त जपानमध्ये मिळायची, ती २०१३ च्या संचातून पहिल्यांदा बाहेर आली.

काय बदललं नाही? जागांची रचना. उड्या मारून वर चढायच्या जागा तशाच अवघड. पुढे कुठे जायचं याची पुरेशी खूण न देण्याची २००२ ची पद्धत तशीच.

ही यादी का करायची? कारण 'रिमास्टर चांगलं आहे' या एका वाक्यात दोन वेगळी विधानं लपलेली असतात: मूळ गेम चांगला आहे, आणि त्यावर केलेलं काम चांगलं आहे. लॅबमध्ये यूव्ही-व्हिजिबलवर बसलो की आपण आधी ब्लँक घेतो, कारण नुसत्या सॉल्व्हंटचं शोषण वजा केल्याशिवाय नमुन्याचं शोषण कळत नाही. इथे मूळ गेम म्हणजे ब्लँक, आणि रिमास्टरचं काम म्हणजे त्यावर वाढलेला भाग.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्याने हा गेम प्लेस्टेशन २ वर खेळलाय, त्याच्यासाठी प्रश्न फक्त वाढीव भागाचा आहे: जुनं हातात असताना नव्याचे पैसे द्यावेत का? ज्याने कधीच खेळलेला नाही, त्याच्यासाठी वाढीव भाग जवळपास बिनकामाचा. त्याने एकूण बघायचं: आजच्या बाकीच्या गेमशेजारी ठेवला तर हा कसा आहे? आमचा धाकटा दुसऱ्या गटात बसतो. म्हणजे 'जुन्यापेक्षा किती सुधारला' अशा तुलनेचे जे व्हिडिओ तो रात्रभर बघत होता, ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हते. व्हिडिओंत खोटं काही नव्हतं, पण त्यांचा कंट्रोल वेगळा होता.

रिव्ह्यू म्हणजे सॅम्पल, पण कोणाचं?

स्टीमवर हजारो लोकांची मतं असतात आणि निळा अंगठा बघून मन विरघळतं. पण ही मतं देणारे कोण? ज्यांनी पैसे मोजून गेम घेतला ते. वीस-बावीस वर्षं जुन्या मालिकेचा संच मुद्दाम विकत घेणाऱ्यांत तिचे जुने चाहते जास्त असणं स्वाभाविक आहे. ते बालपणालाही गुण देतात. आपल्याकडे अनेकांच्या लहानपणी कॅसेटवाला मारिओ आणि कॉन्ट्रा होता, थोडं मोठं झाल्यावर सायबर कॅफेतली व्हाइस सिटी आणि काउंटर स्ट्राइक. सोराची आठवण आपल्याकडे नाही. म्हणून ते गुण आपल्या खात्यात जमा होणार नाहीत.

याला सिलेक्शन बायस म्हणतात. सॅम्पल मोठं केलं म्हणून तो जात नाही. दहा हजार चाहत्यांना विचारलं तर चाहत्यांचं मत अधिक अचूक कळेल, आपलं नाही.

मग रिव्ह्यू सोडून द्यायचे का? नाही, नीट गाळायचे. स्टीमवर प्रत्येक मतासोबत त्या माणसाने किती तास खेळला ते दिसतं, आणि त्यानुसार गाळताही येतं. मी धाकट्याला दोन ढीग करायला सांगितले. एक, "पहिल्यांदाच खेळतोय" असं स्पष्ट लिहिणाऱ्यांचा. दुसरा, नापसंती देणाऱ्यांतला पण वीसहून जास्त तास खेळलेल्यांचा. या दुसऱ्या ढिगात राग कमी आणि माहिती जास्त असते. कशावर अडले, कुठे कंटाळले, कोणत्या यंत्रावर बंद पडलं, हे तिथे सापडतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना निगेटिव्ह रिझल्ट शोधायचे ते याचसाठी.

दोन तासांचा पायलट

स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे पायलट स्टडी जवळपास फुकट. (इतर दुकानांचे नियम वेगळे असतात, आधी वाचा.)

पण पायलट कुठे करायचा, हे महत्त्वाचं. पहिल्या गेममधल्या सुरुवातीच्या दोन तासांतला मोठा भाग एका बेटावर जातो. तराफ्यासाठी ओंडके, दोर, कापड गोळा करत फिरायचं. दुसऱ्या गेमची प्रस्तावनाही अशीच लांबट आहे आणि सुरुवातीला सोरा नाही, दुसराच मुलगा खेळवावा लागतो. फक्त एवढ्यावरून मत बनवणं म्हणजे कॉलममधून आलेल्या पहिल्या थेंबांवरून संपूर्ण मिश्रण ठरवण्यासारखं.

संचाचा फायदा इथे होतो. चारही गेम सुरुवातीपासून उघडे असतात. म्हणून वेळ वाटून घ्या: ५० मिनिटं पहिल्या गेमला, ३० मिनिटं 'री:चेन ऑफ मेमरीज'ला (त्यातली पत्त्यांवर चालणारी लढाई काहींना अजिबात सोसत नाही), ३० मिनिटं 'बर्थ बाय स्लीप'ला. एकूण ११० मिनिटं, १० राखीव. याने तीन गोष्टी कळतात: आपल्या लॅपटॉपवर चालतो का, कॅमेरा सहन होतो का, लढाई हाताला आवडते का. कथा पुढे धरून ठेवेल का, हे यातून कळत नाही. पायलटने काय कळणार नाही हेही आधीच वहीत लिहून ठेवायचं असतं.

खरी किंमत तासांत आहे

चारही गेमची मुख्य कथा संपवायला साधारण शंभर तासांच्या आसपास लागतात. आठवड्याला सहा तास दिले तर सतरा आठवडे, म्हणजे चार महिने. नेट वर्षातून साधारण दोनदा होते. चार महिने म्हणजे दोन परीक्षांमधल्या अंतराचा मोठा हिस्सा.

याचा अर्थ खेळू नये असा नाही. पीएच.डी.च्या वर्षांत काहीच न खेळणारी माणसंही मी थकून बसलेली पाहिलीत. मुद्दा तुलनेचा आहे. गेमची तुलना 'काहीच नाही'शी करू नका. त्याच सहा तासांत तुम्ही दुसरं काय केलं असतं? ते सहा तास रील्समध्ये जाणार असतील तर गेम घेणं शहाणपणाचं. ते थर्मोडायनॅमिक्सच्या जुन्या प्रश्नपत्रिकांमधून कापले जाणार असतील तर संच फार महाग आहे, सेलमध्ये असला तरी. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर सुरुवातीची फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे. एक संधी हुकण्याची किंमत त्या आकड्यापुढे ठेवून बघा.

अजून एक छुपा खर्च. या संचात कथा संपत नाही. पुढे '२.८' नावाचा वेगळा संच आणि २०१९ चा 'किंगडम हार्ट्स ३' आहे. "एवढं खेळलोच आहे तर" म्हणत माणूस पुढचं पाकीट घेतो. गेलेले तास परत येत नसतात, त्यामुळे पुढच्या निर्णयात त्यांना मत देऊ नका. चालत नसलेल्या रिअ‍ॅक्शनवर तिसरं वर्ष घालवणाऱ्या स्कॉलरलाही हेच सांगावं लागतं.

मग उत्तर काय?

धाकट्याने नियम आधी लिहिला, पायलट नंतर करायचा ठरवला. नियम असा: परीक्षा होईपर्यंत खरेदी नाही. थांबण्यात त्याचं नुकसान नाही, गेम कुठे पळत नाही आणि स्टीमवर वर्षातून अनेकदा सेल लागतात. परीक्षेनंतर सेलमध्ये घ्यायचा, ११० मिनिटांचा पायलट करायचा, तीनपैकी दोन गेम पुन्हा उघडावेसे वाटले तर ठेवायचा, नाहीतर त्याच दिवशी परत. आणि छेद दोनचा धरायचा. दोन गेमसाठी ती किंमत पटत असेल तरच घ्यायचा, बाकीचे दोन बोनस.

माझं मत विचाराल तर, पहिल्यांदा खेळणाऱ्याला जुन्या धाटणीचा कॅमेरा आणि उड्या सोसत असतील तर हा संच घेण्यासारखा आहे, मुख्यतः दुसऱ्या भागासाठी. फक्त चित्रं चकचकीत झाली म्हणून घेत असाल तर नको.

जाता जाता एक गोष्ट, प्रत्येक भावी स्कॉलरसाठी. हा रिमास्टर करायला घेतला तेव्हा पहिल्या गेमचा बराचसा मूळ डेटा कंपनीकडे राहिलाच नव्हता. बाजारात विकलेल्या गेममधून तो खणून काढून पुन्हा तयार करावा लागला, असं दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा यांनी सांगितलं आहे. बायोवेअरच्या 'मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन'चं तर त्याहून वाईट झालं. २०२१ च्या त्या संचात 'पिनॅकल स्टेशन' हा भाग नाही, कारण जपून ठेवलेला त्याचा सोर्स कोडच खराब निघाला.

एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे. तुमच्या एम.एस्सी. प्रोजेक्टचा रॉ डेटा आत्ता किती ठिकाणी आहे? एकाच पेनड्राइव्हवर असेल तर ही पोस्ट बंद करा, दोन प्रती करा, आणि त्यातली एक फाइल उघडून बघा. बॅकअप आहे एवढं पुरत नाही, तो उघडतो हे तपासलेलं असावं लागतं.