गॅस, लाइट बिल आणि घरातल्या बाईचे नाव

घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला दोन ओळी ठरलेल्या असतात, एक गॅसची आणि दुसरी लाइट बिलाची. किराणा थोडा कमी आणता येतो. ईदचे कपडे एखाद्या वर्षी साधे घेता येतात. पण दोन वेळची भाकरी-रोटी विस्तवाशिवाय होत नाही, आणि अंधारात मुलांचा अभ्यास होत नाही. यंत्रमागावर, हातगाडीवर, बांधकामावर किंवा घरबसल्या शिवणकामावर चालणाऱ्या कुटुंबात या दोन ओळी महिन्याचे सगळे गणित बिघडवतात.

या दोन्ही खर्चांसाठी सरकारने मदत ठेवलेली आहे, आणि ती नाममात्र नाही. तरीही हक्क असलेल्या कितीतरी घरांना ती मिळत नाही. आम्ही शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतो, तेव्हा मुलांच्या अम्मी त्याच पिशवीतून गॅसचे पुस्तक, लाइट बिल आणि बँकेचे पासबुकही काढतात. “आपा, एवढं बघा ना, पैसे का येत नाहीत?” कागद चाळल्यावर बहुतेक वेळा कारण एकच निघते. बाईचे नाव कागदावर नसते, किंवा असते पण प्रत्येक कागदावर वेगळे असते.

टाकी मिळते, पुढची भरत नाही

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. गरीब घरातील १८ वर्षांवरील स्त्रीच्या नावाने अनामत रक्कम न घेता गॅस जोडणी द्यायची, ही तिची मूळ कल्पना. या योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत देण्यात आली. १० ऑगस्ट २०२१ पासून उज्ज्वलाचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात पहिली टाकी आणि शेगडीही मोफत मिळू लागली. पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे घोषणापत्र चालेल, अशी सोय झाली. भिवंडी-मालेगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

जोडण्या झाल्या, पण टाक्या किती भरल्या गेल्या? ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतच्या आकड्यांवरून महालेखापरीक्षकांनी सांगितले की उज्ज्वलाचे एक घर वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या घेते. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेचारच्या आसपास पोहोचला. पाच-सहा माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवरच केला, तर एक टाकी दीड महिन्याच्या पुढे क्वचितच जाते. म्हणजे वर्षाला आठ टाक्या तरी लागतात. उरलेले महिने अजूनही सरपणावर, लाकडाच्या भुशावर, शेणाच्या गोवऱ्यांवर निघतात.

त्या धुराची किंमत बायका आणि लहान मुले देतात. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीजवळ बसून रोट्या करणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल हा धूर सर्वांत जास्त घेतात.

टाकी न भरण्याचे कारण उघड आहे. मदत नंतर येते, पैसे आधी द्यावे लागतात. एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती टाकीचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला. रोज चारशे-पाचशे कमावणाऱ्याला ही रक्कम एका वेळी काढणे जड जाते. रमजानात सहरी आणि इफ्तार अशा दोन्ही वेळा शेगडी जास्त चालते. नेमकी तेव्हाच टाकी संपली, तर शेजारणीकडे हात पसरावा लागतो.

हिशेब मांडून पाहू

उज्ज्वलाच्या टाकीमागे केंद्र सरकार ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये देते. २०२५-२६ साठी ही सवलत वर्षाला नऊ टाक्यांपर्यंत मंजूर झाली. त्याशिवाय महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे. ३० जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार उज्ज्वलाच्या लाभार्थी आणि लाडकी बहीण योजनेतील पात्र कुटुंबे यांना वर्षाला तीन टाक्या मोफत आहेत. उज्ज्वलाच्या बाईला यासाठी राज्याकडून टाकीमागे ५३० रुपये आणि केंद्राचे ३०० रुपये, असे ८३० रुपये मिळायचे असतात. जिची जोडणी उज्ज्वलाची नाही, पण जी लाडकी बहीण योजनेत आहे, तिच्या खात्यावर ८३० रुपये राज्य देते. एका महिन्यात एकाच टाकीचे पैसे मिळतात.

आता वर्षाला आठ टाक्या धरा. वर दिलेल्या मुंबईच्या दराने खर्च होतो ६,८२० रुपये. केंद्राकडून आठ टाक्यांचे २,४०० आणि राज्याकडून तीन टाक्यांचे १,५९०, म्हणजे एकूण ३,९९० रुपये परत येतात. घराच्या खिशातून जातात २,८३० रुपये. अर्ध्याहून जास्त रक्कम परत मिळते आहे. एवढ्या पैशात शाळकरी मुलाचे वर्षभराचे दप्तर, वह्या आणि बूट होतात. म्हणून “सरकारचे काही येत नाही” असे म्हणून हा विषय सोडून देणे परवडणारे नाही.

एकच बाई, तीन नावे

हे पैसे कुठे अडतात? आपल्या समाजात नाव लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. माहेरी ‘शेख रजिया शेख करीम’, सासरी ‘रजिया सलीम शेख’, रेशन कार्डावर ‘रजियाबी’ आणि आधारवर ‘रझिया’. इंग्रजीत ‘शेख’ हे आडनावच चार तऱ्हांनी लिहिले जाते. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलीचे नाव एका कारकुनाने ऐकून मराठीत लिहिले आणि दुसऱ्याने तेच इंग्रजीत टाकले, तर माणूस एकच असला तरी संगणकाला दोन बायका दिसतात. मग केवायसी पूर्ण होत नाही आणि सवलत थांबते.

दुसरी अडचण खात्याची. आधारच्या आधारे येणारे पैसे सर्वांत शेवटी ज्या खात्याला आधार जोडले असेल, त्यातच जमा होतात. एका मुलीच्या अम्मी वर्षभर जुन्या पासबुकात सबसिडी शोधत होत्या. बचत गटासाठी त्यांनी दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते, तिथे आधार दिले होते आणि पैसे तिथे साठत होते. त्यांची रक्कम निदान सापडली. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या अनेक जनधन खात्यांना दहा वर्षे झाल्यामुळे पुन्हा केवायसी करावी लागते. ती केली नाही तर खात्यातील व्यवहार अडतात.

तिसरी अडचण रेशन कार्डाची. सासू, दोन दीर आणि तीन सुना एकाच कार्डावर असतात, पण चुली वेगळ्या झालेल्या असतात. सरकारच्या दृष्टीने ते एकच कुटुंब. सासूच्या नावावर गॅस असेल, तर वेगळी राहणारी धाकटी सून अपात्र ठरते. उज्ज्वलाच्या नव्या जोडणीसाठी आधी कार्ड वेगळे करून घ्यावे लागते. मात्र अन्नपूर्णा योजनेत एक अट आहे. १ जुलै २०२४ नंतर वेगळे केलेले कार्ड तिथे धरले जात नाही. म्हणजे कार्ड वेगळे केल्यावर उज्ज्वलाची वाट उघडेल, पण तीन मोफत टाक्या मिळतीलच असे नाही. हे आधी माहीत असले तर उगाच खेपा होत नाहीत.

चौथी गोष्ट घरातील पुरुषांनी ऐकावी. गॅस पतीच्या नावावर असेल, तर अन्नपूर्णा योजनेचा लाभ मिळत नाही, जोडणी बाईच्या नावावर हवी. एजन्सीत संमतीचा अर्ज देऊन ती पत्नीच्या नावे करता येते. पती वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती देऊन पुस्तक विधवेच्या नावे होते. इद्दतीनंतर बऱ्याच घरांत हे काम राहून जाते आणि मरहूम व्यक्तीच्या नावावर वर्षानुवर्षे टाकी येत राहते. अशा वेळी सर्वांत जास्त गरज असलेली बाईच मदतीबाहेर राहते.

लाइट बिलाची गोष्ट

महावितरणच्या दरात दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी वेगळा, बराच स्वस्त वर्ग आहे. त्यासाठी वर्षाचा वापर ३६० युनिटच्या, म्हणजे महिन्याला ३० युनिटच्या आत हवा. हे कितपत शक्य आहे, याचे गणित आम्ही वर्गातील मुलांकडूनच करून घेतो. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज १० तास लावला तर महिन्याला २.७ युनिट. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालला तर २७ युनिट. झाले २९.७. त्यात मोबाइलचे चार्जिंग आणि दुसरा बल्ब आला की मर्यादा ओलांडली. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायचा कसा? २८-३० वॅटचा नवा पंखा तेवढ्याच वेळात दहा-अकरा युनिट घेतो. तो महाग असतो. पण ज्यांना जमेल त्यांनी जुना पंखा बिघडल्यावर पुन्हा गुंडाळी भरून आणण्याआधी हा हिशेब करावा.

बाकीच्यांसाठी १०० युनिटचा टप्पा महत्त्वाचा आहे. पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि १०१ ते ३०० चा जवळपास दुप्पट आहे. १०० च्या वर गेले की सगळे बिल वरच्या दराने लागते, असा समज आहे. तो खरा नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण एका मीटरवर दोन बिऱ्हाडे असतील आणि प्रत्येकी ९० युनिट वापर असेल, तर १८० पैकी ८० युनिट वरच्या दरात जातात. मीटर वेगळे असतील तर दोघेही स्वस्त टप्प्यात राहतात. स्थिर आकार दोनदा भरावा लागतो हे खरे, तरीही अशा घरांत एकंदर बिल कमीच पडते.

भाडेकरूंची अवस्था याहून कठीण आहे. पोटमीटर लावून मालक ठरवेल त्या दराने पैसे द्यायचे, आणि बिल मालकाच्या नावाने असल्यामुळे सरकारी सवलतीशी संबंधच नाही. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ४३ मध्ये वीजपुरवठ्यासाठी अर्ज करण्याचा हक्क जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, अशा दोघांनाही दिलेला आहे. प्रत्यक्षात मालकाचे संमतीपत्र मागतात. ते देणाऱ्या मालकाचे काही नुकसान होत नाही, हे मोहल्ल्यातील जाणत्यांनी त्यांना समजावून सांगावे.

छतावरच्या सौर विजेसाठी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० आणि दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे. तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० मिळतात. स्वतःचे पक्के छत असलेल्यांनी तिचा जरूर विचार करावा. भाड्याच्या खोलीला मात्र छतच आपले नसते.

या महिन्यात करण्याची कामे

एक, आधार, रेशन कार्ड, गॅस पुस्तक आणि बँक पासबुक समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा आणि मग बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या.

दोन, बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारा आणि पासबुक भरून आणा.

तीन, गॅस एजन्सीत किंवा कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर केवायसी करा. ती मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. उज्ज्वलाची मदतवाहिनी १८००-२६६-६६९६ आहे. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक शेगडीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

चार, एकरकमी पैसे निघत नसतील तर ५ किलोच्या टाकीची चौकशी करा. उज्ज्वलात तीही मिळते आणि सवलत त्या प्रमाणात असते. काही गल्ल्यांत बायका गॅसची बिशी चालवतात. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमवून पाळीपाळीने टाकी भरतात आणि सबसिडी आली की ती पुन्हा बिशीत टाकतात. ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

पाच, शेजारी एखादी विधवा किंवा निरक्षर खाला असेल तर तिचेही कागद याच वेळी तपासा.

आणि एक विनंती पालकांना. मुलीचे नाव पहिल्यांदा पक्के होते ते शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात. प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला सोबत आणा. नाव मराठीत, इंग्रजीत आणि उर्दूत कसे लिहायचे ते घरी ठरवून कागदावर लिहून आणा, आणि आम्ही लिहिलेले वाचून बघितल्याशिवाय उठू नका. वीस वर्षांनी त्याच नावावर तिच्या घरी गॅस येणार आहे.