चाकांवरचे घर आणि वेल्डिंगची ठिणगी

“पाच मिनिटांचे तर काम!” हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले, त्याने जगातल्या निम्म्या दुरुस्त्या महाग करून ठेवल्या आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, ते सांगतो.

गेल्या दिवाळीत मेहुण्यांच्या मोटारहोममधून आम्ही सहाजण कोकणात निघालो होतो. मोटारहोम म्हणजे लहान बसच्या चासीवर थाटलेले बिऱ्हाड. झोपायला बाके, स्वयंपाकाला गॅस, दिव्या-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी आणि टपावर सौर पॅनेल. महाडच्या अलीकडे मागच्या बाजूने खडखडाट ऐकू येऊ लागला. उतरून पाहतो तो सामानाच्या चौकटीचा ब्रॅकेट चासीपाशी तुटून लोंबत होता.

रस्त्याकाठीच एक वेल्डिंगचे दुकान होते. मिस्त्री वयस्क, हात अनुभवी. गाडीखाली डोकावून त्यांनी विचारले, “साहेब, गाडी नवीन दिसते. बॅटरी सोडवू का?”

मेहुणे म्हणाले, “अहो, पाच मिनिटांचे तर काम! नंतर घड्याळ, रेडिओ सगळे पुन्हा लावत कोण बसणार?”

मिस्त्रींनी अर्थिंगचा चिमटा हाताशी आलेल्या पुढच्या बंपरला लावला आणि मागे जाऊन रॉड टेकवला. ब्रॅकेट खरोखरच पाच मिनिटांत जोडला गेला. मेहुण्यांनी किल्ली फिरवली. इंजिन चालू होईना. डॅशबोर्डावर मात्र दिवाळीच्या रोषणाईसारखे सगळे दिवे लागले!

मेहुणे तापले. मजुरी तर नाहीच, उलट नुकसानभरपाई द्या, असे बोलून गेले. मिस्त्रींचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत असे घडले नव्हते, एवढेच ते पुटपुटले. तेव्हा माझी बहीण पुढे झाली. “त्यांनी विचारले होते. नको म्हणालो ते आपण,” असे म्हणून तिने आपल्या पर्समधून त्यांची मजुरी दिली. गाडी ओढून न्यावी लागली. इंजिनाचा कारभार पाहणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, म्हणजे ईसीयू, निकामी झाली होती. बिल पाच आकडी आले.

मिस्त्रींची चाळीस वर्षे खोटी नव्हती. गाड्या बदलल्या होत्या. जुन्या मोटारीत डायनमो, कटआऊट आणि चार दिव्यांच्या तारा, एवढाच विजेचा संसार असे. वेल्डिंगचा धक्का ती मुकाट्याने सोसे. मग 1960 साली अमेरिकेत क्रायस्लरच्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर आला आणि त्याच्याबरोबर नाजूक डायोड आले. 1967 साली फोक्सवॅगनच्या मोटारीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधनयोजना आली. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. आता धुराड्यापासून ब्रेकपर्यंत जागोजागी सेन्सर बसले आहेत, आणि त्यांचे निरोप ऐकणाऱ्या पेट्या आतून अवघ्या पाच व्होल्टवर, काही तर त्याहूनही कमीवर, चालतात.

आता बिघाड कसा होतो ते पाहू. वेल्डिंग करताना सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडमधून साधारण शंभर अँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह रॉडमधून चासीत उतरतो आणि चिमट्यातून यंत्राकडे परत जातो. चिमटा दूर असला म्हणजे वाटेत गंजलेले सांधे आणि सैल बोल्ट लागतात. अशा एखाद्या सांध्याचा रोध ओहमच्या विसाव्या भागाएवढा जरी असला, तरी शंभर अँपिअरला त्याच्या दोन टोकांत पाच व्होल्टांचा फरक पडतो! गाडीतल्या बहुतेक उपकरणांची अर्थ चासीलाच जोडलेली असल्यामुळे तो फरक त्यांच्या तारांतून आत शिरतो. शिवाय रॉड टेकताना आणि उचलताना जे झटके बसतात ते निराळेच. आमच्या गाडीत हा प्रवाह बंपरापासून शेपटापर्यंत सगळे घर ओलांडून गेला.

म्हणून पहिला नियम असा की, चिमटा जोडकामाच्या अगदी जवळ, शक्यतो त्याच तुकड्यावर, रंग व गंज खरवडून लावावा. चिमटा आणि रॉड यांच्यामध्ये बेअरिंग किंवा स्प्रिंग येता कामा नये. त्यांतून प्रवाह गेल्यास त्यांनाही इजा होते. वेल्डिंगच्या तारा गाडीच्या तारांवरून नेऊ नयेत.

दुसरा नियम बॅटरीचा. किल्ली काढून घ्यावी. आधी ऋण टोक सोडवावे, मग धन. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. नंतर काही मिनिटे थांबावे, कारण पेट्यांत थोडी वीज साठून राहते. मात्र बॅटरी सोडवली म्हणजे संपले, असे नव्हे. ईसीयूची अर्थ चासीला जोडलेलीच राहते. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकाप्रमाणे ईसीयूचे आणि अल्टरनेटरचे जोडही काढून ठेवावे.

मोटारहोममध्ये याशिवाय घरच्या बॅटरीचा व्याप असतो. बाहेरून वीज घेतली असल्यास ती तार प्रथम काढावी आणि इन्व्हर्टर बंद करावा. सौर पॅनेल ऊन असेपर्यंत वीज देतच राहते. ते चार्जरपासून आधी सोडवावे, घरची बॅटरी नंतर. पुन्हा जोडताना क्रम उलटा: आधी बॅटरी, मग पॅनेल.

आणि आग! पत्र्यामागे प्लायवूड, फोम आणि तारा दडलेल्या असतात. गॅसचे सिलिंडर उतरवून लांब ठेवावे, डिझेलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते पाहावे, अग्निशामक जवळ ठेवावा. काम झाल्यावरही तासभर कोणीतरी लक्ष ठेवावे. ठिणगी मागून धुमसते. एक आणखी: चासीच्या मुख्य तुळयांवर वेल्डिंग करण्यास काही कंपन्यांची मनाई असते, कारण उष्णतेने पोलादाची ताकद कमी होते. तिथे बोल्टच बरे.

या वर्षी तीच चौकट पुन्हा हलू लागली. मेहुणे काही न बोलता त्याच मिस्त्रींकडे गाडी घेऊन गेले. बॅटरीची टोके त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवली. मिस्त्रींनी ब्रॅकेटपासून वीतभर अंतरावर रंग खरवडून चिमटा लावला, आणि काम झाल्यावर सगळे पुन्हा जोडून किल्ली फिरवली, तेव्हा इंजिन पहिल्या झटक्यात चालू झाले. मेहुण्यांनी मजुरी दिली, वर बहिणीने करून दिलेला फराळाचा डबा पुढे केला आणि हळूच म्हणाले, “गेल्या वर्षी मी जे बोललो, ते मनात ठेवू नका.”

वेल्डिंग या वेळीही पाच मिनिटांचेच होते. तयारीला मात्र पाऊण तास लागला, आणि तो कोणालाही जड गेला नाही.