पत्ता आधी, पैसा मागाहून

दिनांक ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, बंजारा समाजाच्या पोहरादेवी या तीर्थक्षेत्री आलेल्या पंतप्रधानांनी वाशीम जिल्ह्यातूनच किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वितरित केला आणि सुमारे ९ कोटी ४० लक्ष शेतकऱ्यांच्या नावे सुमारे २०,००० कोटी रुपये रवाना झाले, तेव्हा सर्वांची दृष्टी दाबलेल्या कळीवर खिळली असली, तरी खरे नवल पत्ता शोधण्यात होते.

व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्या जाळ्यांवरून थेट डेबिट अथवा प्रीपेड कार्डावर रक्कम धाडतात, तेव्हा कार्डाचा क्रमांक हाच पत्ता ठरतो. आरंभीचे अंक बँक दर्शवितात, मधले खातेदाराकडे नेतात आणि अखेरचा अंक केवळ आधीच्यांची झडती घेतो. आपल्या अनुदानांनी मात्र आधारचा १२ अंकी क्रमांक पत्ता म्हणून पत्करला. त्याचाही अखेरचा अंक पहारेकरीच, परंतु अधिक चतुर. कारण कार्डांवरील लून-पद्धतीला शेजारच्या ० आणि ९ यांची अदलाबदल उमगत नाही, तर आधारसाठी योजिलेली डच गणिती व्हरहूफ यांची १९६९ची पद्धती, पंचकोनाच्या सममितींवर आधारलेली असल्याने, शेजारच्या कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल पकडते.

सरकारी यादी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे पोहोचली, की तेथील नोंदीत आधार क्रमांकासमोर खाते नव्हे, फक्त बँकेची खूण सापडते. खाते कोणते, हे ती बँक आपल्या दफ्तरी पाहते. या साऱ्यात प्रवास होतो तो संदेशाचा. बँकांमधील देणेघेणे रिझर्व्ह बँकेतील त्यांच्या खात्यांत जमा-नामे होऊन फिटते. पेढ्यांच्या काळातील हुंडीही याच विश्वासावर चाले. फरक पडला तो कासदाच्या दिवसांचा.

या व्यवस्थेत एक मेख आहे, आणि ती मला गणितापेक्षा महत्त्वाची वाटते. एका आधारसमोर एकच बँक राहते, तीही अखेरीस जोडलेली. त्यामुळे रिसोड वा मंगरूळपीरच्या ज्या शेतकऱ्याने मागाहून दुसऱ्या बँकेत आधार जोडला, तो जुन्या पासबुकात २,००० रुपयांची नोंद शोधीत बसतो, जरी ते नव्या खात्यात केव्हाच जमा झालेले असतात. पैसे काढण्यासाठी लागणाऱ्या रुपे कार्डाचा प्रश्न त्यानंतरचा. त्या खात्याचे कार्ड हाती नसेल, तर बँकमित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक सांगून अंगठा लावूनही रोकड मिळते.