स्पिंडल घेताना नुसते वॉट बघू नका
घरच्या सीएनसीला स्पिंडल कुठला घ्यायचा, असं बरेच जण विचारतात. मी १.५ किलोवॉटचा घेतला. एमएसची पट्टी कापायला वेग ६,००० आरपीएमवर आणला, तर स्पिंडल जाम झाला आणि कटर मोडला.

असं का? तर हे दीड किलोवॉट मिळतात २४,००० आरपीएमला, म्हणजे व्हीएफडी ४०० हर्ट्झ देत असताना. टॉर्क साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे वेग पाव केला की ताकदही पाव. उरले जेमतेम ३७५ वॉट!

लाकूड, ॲक्रिलिक, ॲल्युमिनियम कापायचं तर हाच स्पिंडल बिनधास्त घ्या. स्टीलसाठी मात्र कमी वेगाची मोटर आणि बेल्ट बघा. आधी मटेरियल ठरवा, मग मोटर. माझे पैसे गेले, तुमचे तरी वाचू देत!