इंजिनाच्या हेडचे नट कसे आवळावेत?

आखाडा बाळापूरच्या परिसरात हळदीचे पीक महत्त्वाचे आहे. ऐन पाणी देण्याच्या वेळी इंजिन बंद पडल्यास पिकास फटका बसतो. कित्येकदा मूळ दोष इंजिनाचा नसतो. हेड पुन्हा बसविताना नट कमीअधिक आवळले गेल्यामुळे गॅस्केट जळालेले असते.

नट आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर घर्षणातच खर्च होतो. हेड दाबून धरण्यास जेमतेम १० टक्के उरतो. आट्यांत गंज अथवा माती असल्यास नट घट्ट भासतो, परंतु हेडवर दाब कमीच पडतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावेत व माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्यांना तेल लावावे.

प्रथम सर्व नट हाताने बसवावेत. नंतर मधल्या नटांपासून बाहेर, समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत आवळावेत. शेवटच्या फेरीस पुस्तिकेतील आकडा टॉर्क पान्यावर लावावा. जुन्या पुस्तिकांत तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो; १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. पान्यास नळी जोडून जोर करू नये. स्टड ताणला जाऊन तुटतो.

असा एक पाना गावात सामाईक ठेवण्याचे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मनावर घ्यावे.