रेशीम जाळीत, चित्र लिननवर

‘छापलेलं आहे ना, मग मूळ चित्र कुठंय?’ नामवंत चित्रकाराचा सिल्कस्क्रीन छापा भिंतीवर दिसला की हा प्रश्न हमखास येतो. छापा म्हणजे नक्कल, ही समजूत त्यामागे असते. ती किती अपुरी आहे, हे आंरी मातीसच्या दोन भित्तिपटांच्या जन्मकथेतून कळतं.

१९४६ चा उन्हाळा. पॅरिसमधल्या माँपार्नासच्या घरात शहात्तर वर्षांच्या मातीसनं पांढऱ्या कागदातून एक पाकोळी कापली. ती फेकून देणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून भिंतीवरचा एक डाग झाकायला लावली. तिच्यामागून मासे आले, प्रवाळ आलं, शैवाल आलं. १९३० मध्ये ताहितीला पाहिलेला समुद्र आणि आकाश सोळा वर्षांनी त्या फिकट बदामी भिंतीवर उतरू लागलं. त्याच सुमारास झिका आशर त्याच्याकडे आला. प्राग सोडून १९३९ मध्ये लंडनला स्थायिक झालेला हा कापडउद्योजक चित्रकारांकडून भित्तिपटांची संकल्पनं करून घेत होता. हेन्री मूरनंही त्याच्यासाठी असे पट केले. मातीसच्या भिंतीचा रंग साधेल असं लिनन रंगवून घेण्यात आलं आणि त्यावर पांढरे आकार छापले गेले. ‘ओशनिया: आकाश’ आणि ‘ओशनिया: समुद्र’ ते हेच. दोन्ही पट जवळजवळ पावणेचार मीटर लांब, आणि प्रत्येकाच्या प्रती फक्त ३०.

म्हणजे भिंतीवरचे कागद ही तयारी होती. कलाकृती पूर्ण झाली ती कापडावर. इथे छाप्याला दुय्यम म्हणणं हा मातीसवर अन्याय आहे.

सिल्कस्क्रीन म्हणजे रेशमावर छापलेलं, हा दुसरा गैरसमज नावातूनच आला आहे. रेशीम असायचं ते चौकटीत ताणलेल्या जाळीत. जाळीचा नको तो भाग बुजवायचा आणि उघड्या भागातून रबरी पट्टीनं रंग खाली दाबायचा. आपल्याकडच्या लग्नपत्रिका अशाच स्क्रीन प्रिंटिंगनं छापल्या जात आल्या आहेत. आता जाळी बहुधा पॉलिएस्टरची असते. शिवाय सपाट, झगझगीत रंग दिसला की तो सिल्कस्क्रीनच, असंही नाही. मातीसचंच १९४७ मधलं ‘जाझ’ घ्या. त्यातली चित्रं पोश्वार पद्धतीची आहेत: कापलेल्या साच्यातून रंग हातानं भरलेला.

आशरचं नाव दिसलं की भित्तिपटच हाती लागला, असं समजणाऱ्यांनीही थांबावं. त्यानं मातीस, मूर, कोक्तो अशा कलावंतांच्या संकल्पनांवर डोक्याला बांधायचे चौकोनी रुमालही छापले. ते फ्रेम करून भिंतीवर छान दिसतात, संग्राह्यही आहेत. पण ते भित्तिपट नव्हेत.

‘३ / ३०’ ही प्रत ‘२८ / ३०’ पेक्षा सरस, असंही मानलं जातं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरलेल्या ड्रायपॉइंटमध्ये याला अर्थ आहे, कारण त्यातली नाजूक कड दर छापणीला झिजते. जाळीतून तीस प्रती काढताना तशी झीज होत नाही. आकडेही पुष्कळदा सही करताना घातले जातात, छपाईच्या क्रमानं नाही. भाव ठरवताना प्रतीची अवस्था आधी पाहावी: रंग उडालाय का, कापडावर डाग किंवा घड्या आहेत का.

सही दिसली की निर्धास्त होणं तर सर्वांत महागात पडतं. सही चित्रातच छापलेली असू शकते, आणि खोटीही. त्यापेक्षा दहापट भिंग उपयोगी. ऑफसेटच्या पोस्टरमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसतात. सिल्कस्क्रीनच्या सपाट भागात रंगाचा सलग थर दिसतो. मात्र ठिपके नाहीत एवढ्यावरून प्रत अस्सल ठरत नाही, कारण नंतरची नक्कलही सिल्कस्क्रीननं करता येते.

आणि काच लावली म्हणजे जपणूक झाली, असंही नाही. साध्या काचेतून अतिनील किरण आत येतातच. एवढा मोठा कापडी पट उन्हापासून दूर ठेवावा, आणि काढून ठेवायचा तर घडी न घालता आम्लमुक्त कागदासह रुंद नळीवर गुंडाळावा.

खरेदीआधी प्रकाशकाचं नाव, छपाईचं साल, एकूण प्रती आणि आधीच्या मालकांची कागदपत्रं मागा. ती मिळत नसतील, तर भिंत आणखी काही दिवस रिकामी राहू द्या.